बँकॉकमध्ये बिऱ्हाड मांडताना

नोकरीनिमित्त बँकॉकला आलेल्या माणसाचे पहिल्या काही महिन्यांत जिथे जिथे अडते, तिथे मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे राहता पत्ता. व्हिसाची मुदतवाढ, बँकेचे खाते, मुलांच्या शाळेची बस, विजेचे बिल, पावसाळ्यात संध्याकाळी घरी पोहोचायला लागणारा वेळ, हे सारे आपण कोणत्या गल्लीत आणि कोणाच्या घरात राहतो यावर ठरते. म्हणून या लेखात घर निवडणे आणि त्याची सरकारदरबारी नोंद करणे यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीच्या गोष्टी त्या त्या क्रमाने येतील.

निघण्यापूर्वी

पर्यटक म्हणून किंवा व्हिसामाफीवर येऊन नोकरी सुरू करता येत नाही. नोकरीसाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ हा व्हिसा लागतो आणि त्याची कागदपत्रे तुम्हाला नेमणारी कंपनी पाठवते. सोबत येणाऱ्या पती किंवा पत्नीला आणि मुलांना ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा मिळतो, त्यासाठी लग्नाचा आणि जन्माचा दाखला लागतो. महाराष्ट्रातले हे दाखले अनेकदा मराठीत असतात, म्हणून त्यांचे इंग्रजी भाषांतर, राज्य पातळीवरचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन ही कामे गावी असतानाच उरकून घ्यावीत. इथे आल्यावर मूळ दाखल्यासाठी पुन्हा कुणाला तरी महापालिकेच्या रांगेत उभे करावे लागते आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

आपल्या नावाची एक खास अडचण आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे आपण लिहितो. पासपोर्टवर मधले नाव असते, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे आडनाव असते आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर तिसराच क्रम असतो. थाई कार्यालयांत पासपोर्टवरचे नाव प्रमाण मानले जाते, त्यामुळे भाडेकरार, बँक आणि वर्क परमिट या सर्वांवर पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरशः तेच, नाव असावे. पुढे तुमचे नाव थाई लिपीतही लिहिले जाईल. ‘देशपांडे’ हे नाव तिथे तीन-चार प्रकारे लिहिता येते. वर्क परमिटवर जे लेखन झाले असेल त्याचा फोटो फोनमध्ये जपून ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणी तेच लिहून घ्यावे.

शिवाय आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा, रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी आणि स्वयंपाकासाठी सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा कुकर आणावा. बँकॉकच्या बहुतेक कॉन्डोंमध्ये, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या सदनिकांच्या इमारतींमध्ये, गॅस नसतो, विजेची शेगडी असते, आणि आपला नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. थायलंडला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रिका ऑनलाइन भरावी लागते. १ मे २०२५ पासून ती सक्तीची आहे आणि तिला कोणतेही शुल्क नाही. शुल्क मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे.

घर पाहण्याआधी गल्ली पाहावी

आल्याआल्या वर्षभराचा करार करू नये. तीन-चार आठवडे सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढावेत आणि त्या काळात कार्यालयाचा रस्ता सकाळी साडेसातला व संध्याकाळी सहाला स्वतः जाऊन अनुभवावा.

बँकॉकमध्ये मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या अशी रचना आहे. गल्लीला ‘सोइ’ म्हणतात आणि सोइंना क्रमांक असतात. सुखुम्वित रस्त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांक आहेत, पण दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांसमोर येत नाहीत. थोंग लो या आकाशगाडीच्या (उन्नत मेट्रोच्या) स्थानकातून एका अंगाला उतरले तर सोइ ५५ लागते आणि समोरच्या अंगाला सोइ ३८. नुसता क्रमांक ऐकून ‘हे तर अगदी समोरच आहे’ असे समजून चालू लागलेला माणूस पुढच्या स्थानकापर्यंत जातो. मोठ्या सोइला पुन्हा उपगल्ल्या असतात आणि पुष्कळ सोइ पलीकडे कुठेच निघत नाहीत. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन इमारतींमध्ये जायला मोठ्या रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो.

माझे पहिले घर सोइच्या तोंडापासून जवळजवळ दीड किलोमीटर आत होते. फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी मी ते पाहिले, दलालाने गाडीतून नेले, आणि खिडकीतून दिसणारी झाडे पाहून मी त्याच दिवशी होकार दिला. सप्टेंबरात पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी सोइच्या तोंडाशी मोटारसायकल टॅक्सीसाठी पन्नासेक माणसे रांगेत उभी होती. आत पाणी घोट्याच्या वर चढले होते आणि शेजारची एक बाई चपला पिशवीत घालून, भिंतीला हात लावत, शांतपणे चालत होती. मीही बूट हातात घेतले. घर उत्तम होते, मालकीण भली होती, पण त्या दीड किलोमीटरने वर्षभर माझ्या रोजच्या वेळेतला पाऊण तास खाल्ला.

म्हणून घर पाहायला स्थानकापासून पायी जावे, दलालाच्या गाडीतून जाऊ नये. आठ-दहा मिनिटांत पोहोचता येते का, वाटेत पदपथ आहे का, सोइच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्यांचा थांबा आहे का, हे पाहावे. इमारतीच्या रखवालदाराला आणि खालच्या दुकानदाराला पाणी कुठवर साचते ते विचारावे. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ असेल तर ती दिसतेच. जमल्यास पावसाच्या संध्याकाळी एकदा पुन्हा जाऊन यावे. पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो आणि शेवटचे दोन महिने सर्वांत जोराचे असतात.

भाडेकरार

दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ अशी प्रथा आहे, म्हणजे किल्ली हाती येताना तीन महिन्यांची रक्कम द्यावी लागते. सही करण्याआधी तीन गोष्टी तोंडी न ठेवता करारात लिहून घ्याव्यात.

पहिली, विजेचा दर. कॉन्डोमध्ये बहुधा महानगर वीज मंडळाचे बिल थेट येते आणि सरकारी दर लागतो. एका मालकाच्या अपार्टमेंट इमारतीत मालक स्वतःचा वाढीव दर लावतो, आणि दिवसरात्र एसी चालणाऱ्या शहरात हा फरक भाड्यातल्या सवलतीपेक्षा जड होऊ शकतो. दुसरी, एसी धुण्याचा खर्च. वर्षातून किमान दोनदा एसी आतून धुवावा लागतो आणि तो खर्च बहुधा भाडेकरूवर येतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे मालक तुमच्या वास्तव्याची इमिग्रेशनकडे नोंद करील, ही अट. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, भिंतींवरच्या डागांचे, सोफ्याच्या कोपऱ्यांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. अनामत परत मिळताना होणारे वाद जवळजवळ सर्व याच ठिकाणी मिटतात. कराराच्या तारखा नीट वाचाव्यात, कारण थायलंडमध्ये बौद्ध संवत चालतो आणि त्यात इसवी सनापेक्षा ५४३ वर्षे अधिक असतात. २०२६ हे तिथले २५६९. दुधाच्या पिशवीपासून सरकारी शिक्क्यापर्यंत हाच आकडा दिसतो आणि आठवड्याभरात त्याची सवय होते.

नोंद, नव्वद दिवस आणि परतीचा परवाना

परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांच्या आत इमिग्रेशनला कळवणे ही थाई कायद्यानुसार घरमालकाची जबाबदारी आहे. या नोंदीला ‘टीएम ३०’ म्हणतात. हॉटेले ती स्वतःहून करतात. खासगी मालकांपैकी काहींना ती माहीत नसते, काही कंटाळा करतात, आणि भाड्याचे उत्पन्न उघड होईल या धास्तीने काहीजण टाळतात. दंड मालकाला असला तरी खोळंबा तुमचा होतो, कारण मुदतवाढीच्या वेळी अधिकारी त्या नोंदीची पावती मागतात. जो मालक ही नोंद करायला नाखूश आहे त्याचे घर कितीही आवडले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंद ऑनलाइनही होते, तेव्हा मालकाला ते अवघड नसते. घर बदलले की नवी नोंद हवी.

दुसरी गोष्ट नव्वद दिवसांची. देशात सलग ९० दिवस राहिलात की पत्ता पुन्हा कळवावा लागतो. कार्यालयात जाऊन तो नव्वदाव्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कळवता येतो. उशीर झाल्यास २,००० बात (थाई चलन) दंड आहे. पहिली वेळ साधारणपणे प्रत्यक्ष जाऊनच करावी लागते, पुढच्या ऑनलाइन होतात. मध्ये परदेशी जाऊन आलात तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. ही मुदतवाढ नव्हे, केवळ पत्त्याची वर्दी आहे. दोन्हींची गल्लत करून व्हिसा संपेपर्यंत निर्धास्त राहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात, दंड भरावा लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना सर्वाधिक महागात पडते. वर्षाची मुदतवाढ मिळाल्यावर देशाबाहेर जाताना ‘री-एंट्री परमिट’ नसेल तर ती मुदतवाढ तिथेच रद्द होते. गावाकडून निरोप येतो, आई आजारी असते, माणूस हाती लागेल त्या विमानाने निघतो, आणि परत येताना कळते की सारे पहिल्यापासून करायचे आहे. एका वेळेच्या परवान्याला १,००० बात आणि कितीही वेळा जाण्यायेण्याच्या परवान्याला ३,८०० बात लागतात. मुदतवाढ ज्या दिवशी हातात पडेल त्याच दिवशी, त्याच इमारतीत, अनेक वेळांचा परवाना काढून ठेवावा. ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी या खर्चाचा दुसरा विचार करू नये.

बँकॉकमध्ये ही कामे प्रामुख्याने चेंग वत्थना इथल्या सरकारी संकुलात होतात. सकाळी लवकर जावे, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्याव्यात, प्रतींवर निळ्या शाईने सही करावी. पोशाख नीटनेटका असावा आणि आवाज चढवू नये. शांतपणे, हसून पुन्हा विचारणाऱ्याचे काम होते.

एक सूचना सोबत आलेल्या जोडीदारासाठी. ‘ओ’ व्हिसावर काम करता येत नाही, आणि थाई कायद्यात कामाची व्याख्या फार व्यापक आहे. घरून डबे देणे, शिकवण्या घेणे, नृत्याचे वर्ग चालवणे, या सर्वांना परवाना लागतो. चांगल्या हेतूने सुरू केलेली गोष्टसुद्धा साऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर बेतू शकते.

पैसे

वर्क परमिट हाती आले की बँकेचे खाते सहज उघडते, त्याआधी अडखळत. खाते उघडले की प्रॉम्प्टपे, म्हणजे आपल्या यूपीआयसारखी थाई सोय, जोडून घ्यावे. भाजीच्या टोपलीपासून मोटारसायकलवाल्यापर्यंत सर्वत्र क्यूआर कोड चालतो. वीज-पाण्याची बिले सेव्हन-इलेव्हन या दुकानांमध्येही भरता येतात. एका वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलात की तुम्ही थायलंडचे करनिवासी ठरता, आणि २०२४ पासून परदेशातले उत्पन्न तिथे आणल्यास त्यावरही कर लागू शकतो. म्हणून गावच्या घराचे भाडे किंवा ठेवींचे व्याज इकडे वळवण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. भारतातले बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे खाते) करून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

रोजचा प्रवास

आकाशगाडी, म्हणजे बीटीएस, ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली आणि भुयारी एमआरटी २००४ मध्ये. दोन्हींची तिकिटे वेगळी आहेत. बीटीएससाठी रॅबिट कार्ड घ्यावे, एमआरटीत बँकेचे टॅप कार्ड थेट चालते. आसोक, सीलोम अशा ठिकाणी एकीतून दुसरीत बदली करता येते. सेन सेप कालव्यावरची नाव प्रतूनाममार्गे जुन्या शहरापर्यंत जाते आणि संध्याकाळच्या कोंडीत ती टॅक्सीला सहज मागे टाकते. टॅक्सीत बसताना मीटर लावायला सांगावे, भाडे ३५ बातपासून सुरू होते. वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात, त्यामुळे दुचाकी चालवण्याचा मोह होतो. योग्य परवाना नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो, एवढे ध्यानात ठेवावे.

लिपी आधी शिकावी

बहुतेक नवखे लोक चार वाक्ये पाठ करून थांबतात. मराठी माणसाने मात्र लिपीपासून सुरुवात करावी, कारण आपल्याला तिथे मोठी आघाडी आहे. थाई वर्णमालेत ४४ व्यंजने आहेत आणि त्यांचा क्रम आपल्या क, च, ट, त, प या वर्गांचाच आहे. फरक उच्चारात आहे. आपला ‘ग’ तिथे ‘ख’ होतो, ‘द’ चा ‘थ’ आणि ‘ब’ चा ‘फ’ होतो, आणि शब्दाच्या शेवटची अक्षरे अनेकदा गिळली जातात. ही किल्ली हाती आली की पाट्या आपोआप उलगडू लागतात. ‘नखॉन’ म्हणजे नगर, ‘ख्रू’ म्हणजे गुरू, ‘वित्थयालै’ म्हणजे विद्यालय, ‘आहान’ म्हणजे आहार, ‘वेला’ म्हणजे वेळ. दूरध्वनीला ते ‘थोरसप’ म्हणतात, म्हणजे दूर-शब्द. हे जेव्हा मी स्थानकावरच्या एका पाटीवर स्वतः अक्षरे जुळवून वाचले, तेव्हा हे शहर मला पहिल्यांदा जवळचे वाटले.

बोलण्यात पाच सूर आहेत आणि सूर चुकला की अर्थ बदलतो, म्हणून शिक्षकाकडूनच शिकावे. तोवर टॅक्सीसाठी चार शब्द पुरेत: ‘लिआव साय’ डावीकडे, ‘लिआव ख्वा’ उजवीकडे, ‘त्रोंग पाय’ सरळ, ‘चॉत’ थांबा. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ आणि स्त्रीने ‘खा’ म्हणावे. त्यावाचून बोलणे रूक्ष वाटते.

आजारपण आणि रीतिरिवाज

रुग्णवाहिकेसाठी १६६९, पोलिसांसाठी १९१ आणि इंग्रजी बोलणाऱ्या पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक फोनमध्ये ठेवावेत. खासगी रुग्णालये उत्तम आहेत आणि महाग आहेत. सामाजिक सुरक्षा योजनेत नोंद झाली की ठरावीक रुग्णालयात उपचार मिळतात, तरी कुटुंबाचा वेगळा विमा हवाच. नळाचे पाणी थेट पीत नाहीत. डेंग्यूचे डास आहेत, आणि हिवाळ्यात धुरक्यामुळे मुलांना काही दिवस घरातच ठेवावे लागते.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांवर राष्ट्रगीत लागते, तेव्हा जिथे असाल तिथे उभे राहावे. राजघराण्याविषयी टीका, गमतीत किंवा समाजमाध्यमावरही, करू नये. दंडसंहितेच्या ११२व्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षांची कैद होऊ शकते. ई-सिगारेटला बंदी आहे. भिक्खूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये, आणि पाय कुणाकडेही रोखू नयेत. हे शेवटचे आपल्याला शिकवावे लागत नाही.

स्वयंपाकघर

शाकाहारी माणसाने दोन शब्द शिकावेत. ‘मंग्सविरत’ हा शब्द आपल्याच ‘मांसविरती’चा आहे, पण तसे म्हटल्यावर अंडे येऊ शकते आणि मत्स्यरसही (माशांचा खारट सॉस). ‘जे’ म्हटले की मांस, मासे, अंडे, दूध यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य होतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या नऊ दिवसांच्या उत्सवात असे झेंडे रस्तोरस्ती दिसतात. एरवी ‘मै साय नाम प्ला’, म्हणजे मत्स्यरस घालू नका, हे सांगावे लागते. मसाल्याच्या वाटणात बहुधा ‘कपि’, म्हणजे कोळंबीचे वाटण, आधीच असते, म्हणून भाजीच्या रश्श्याविषयी विशेष चौकशी करावी. एका लोकप्रिय पदार्थात पसाभर तुळस परतलेली असते. ‘कफ्राव’ म्हणजे आपलीच तुळस, आणि ताटात ती पाहून घरातली वडीलधारी माणसे थबकतात.

तूरडाळ, कणीक, कढीपत्ता आणि हिंग फाहुरत या भारतीय वस्तीत मिळतात. एमआरटीच्या साम योत स्थानकापासून तिथे चालत जाता येते. गोडा मसाला मात्र घरूनच आणावा.

गणपतीची चिंता करू नये. थायलंडमध्ये त्याला ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, तो कलांचा देव आहे आणि तिथल्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर तोच आहे. हुआय ख्वांगच्या चौकात त्याचे देवस्थान आहे. सीलोमचे मारिअम्मन मंदिर नवरात्रात गजबजते. नैवेद्यालाही थाई लोक ‘खनोम तोम’ वाहतात, खोबरे आणि ताडगुळाचे सारण भरलेले, उकडलेले गोळे. मोदकांसाठी ओला नारळ बाजारात समोर खवून देतात, केळीची पाने ताजी मिळतात, अडते फक्त पिठापाशी. खनोम तोमचे पीठ चिकट तांदळाचे असते आणि त्याची उकड हाताला लागून बसते, मुखऱ्या उभ्या राहत नाहीत. दुकानात एरावण छापाची दोन पाकिटे शेजारी असतात, त्यांतले हिरवे चिकट तांदळाचे आणि लाल साध्या तांदळाचे. लाल घ्यावे.